राणी अजून विहिरीतच

इंग्लंडमधल्या लडलो गावच्या दवाखान्यात मी खोकत बसलो होतो. समोर दोन म्हाताऱ्या, एकीच्या मांडीवर माझीच जाडजूड कादंबरी.

"काय गं डोरीन, सहावा भाग झाला का वाचून?"

"झाला बाई एकदाचा. चारशे पानं नुसते चालतायत आणि मधूनमधून सूप पितायत."

"आणि ड्रॅगन?"

"झोपलाय. मीही दोनदा झोपले."

"मग सोडून दे की!"

"आता कशी सोडू, एनिड? राणीला विहिरीत टाकून तो क्रॅडॉक नऊ वर्षं गप्प बसलाय. सातव्या भागाचा पत्ताच नाही."

"त्याचंही वय झालं असेल गं. फोटो मात्र अजून काळ्याभोर दाढीचाच छापतात."

"मेलाबिला तर राणी विहिरीतच राहायची!"

मला जोराचा ठसका लागला. काउंटरवरची बाई म्हणाली, "मिस्टर क्रॅडॉक, या दोघींनंतर तुमचा नंबर हं."

दोघी माझ्या पांढऱ्या दाढीकडे बघत राहिल्या. मी सही द्यायला ऐटीत पेन काढलं.

"ते ठेवा आत," डोरीन म्हणाली. मग काउंटरकडे वळून, "अहो, आधी यांना घ्या."

"डोरीन, रांग मोडायची?"

"मोडू दे. आपल्यामागे कुणी विहिरीत अडकलेलं नाही."