दुकानदाराचा स्वतःचा बेस

हसू नका, पण बेस गिटार घ्यायला मी गेलो होतो. आमची नात गायन पार्टीत वाजवते. तिचा जुना बेस मधेच सूर सोडायचा, म्हणून पार्टीवाले म्हणाले, नीट वाद्य आण, न्हायतर दुसरं कुणी बघतो.

दुकानदारानं आधी बजेट विचारलं. सोबत आलेली नात आठ हजार बोलून गेली, अन् लगेच लालभडक बेस निघाला, बरोबर आठ हजाराचा. तिथंच मला शंका आली. मी जन्मभर माग चालवला. चादर घेतानासुद्धा दुकानदार स्वतः कुठली पांघरतो ते आधी बघतो.

"तुमी सवता कंचा वाजवता?"

त्यानं कोपऱ्यातला रंग उडालेला बेस दाखवला. "त्यो माजा हाय, आजोबा. इकायचा न्हाय."

"अन् ह्यो लाल चांगला हाय न्हवं?"

"लई भारी!"

"मग ह्यो तुमी ठेवा, त्यो आमाला द्या की."

त्यानं चहा मागवला. मी तिथंच बसून राहिलो. दोन चहा झाल्यावर त्यानं आतून तिसराच, जुना बेस काढला. तारा जुळवल्या, जरा वाजवला, अन् वाजवतच बसला. खाली ठेवीना.

नातीला म्हणालो, "काढ पैसे."