चार ते साडेचार

शुक्रवार, ९ मे २००३. सकाळचे सव्वाअकरा. शेणव्याच्या पुढे भोकरवाडी, वाडीच्या वर दोन एकरांचं कुंपण, आत मातीचं घर, फाटकावर पाटी – ‘स्वयंपूर्ण’. मालक शशिकांत टिपणीस, वय एकसष्ट, ठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. ओट्यावर ते आणि शहापूरहून आलेला एक पत्रकार. बोलत होते टिपणीस.

– नाही नाही, चपला असू द्या पायात, जमीन तापलीय. बसा. चहा मात्र आज देता येणार नाही, गॅस नाहीये. म्हणजे आहे, गोबरगॅस आहे, आपलाच आहे, मागे घुमट दिसतोय ना तो – फक्त शेण नाहीये. शेण रोज दोन पाट्या धर्मा आणायचा, वाडीतून. धर्मा म्हणजे आमचा गडी – गडी नका लिहू, सहकारी लिहा – सोळा दिवस झाले, यायचा बंद झालाय. ते सोडा. तुम्ही रविवारच्या पुरवणीसाठी आलात ना? मग सुरुवातीपासून घ्या. नव्व्याण्णव साली ही जमीन घेतली. शेतकरी असल्याचा दाखला लागतो त्याला, तो सासऱ्यांच्या गावाहून झाला – हे नका लिहू. घर आम्ही स्वतः बांधलं. भिंती कारवीच्या कुडाच्या, माती इथलीच, दारं-खिडक्या कल्याणला एक चाळ पडत होती तिथल्या. सिमेंटची एक गोणी नाही घरात. कूड आम्ही विणला, लिंपलाही आम्ही – आम्ही म्हणजे काशीने, धर्माची बायको – पण उभी राहून दाखवत होती हो माझी मिसेस. नलू. ती सध्या मुलुंडला असते. आठवडाभरासाठी गेलीय. जानेवारीत.

वीज? वीज आपण घेतलीच नाही. खाली वाडीत लाइट आहे, पाच वर्षं झाली, टीव्ही लावून बसतात. खांब माझ्या कुंपणापर्यंत आणला होता त्यांनी – मी परत पाठवला. तत्त्व आहे. ती दोन सोलरची पॅनेलं बघा छपरावर. तीन दिवे चालतात. पावसाळ्यात एक. पंखा चालत नाही, पण मातीच्या घराला पंखा लागतच नाही, हे ठळक लिहा. फ्रिज? फ्रिज कशाला हवा माणसाला? माठ आहे. हां – इन्शुलिन ठेवावं लागतं थंडाव्यात, डायबेटिस आहे ना मला, सकाळ-संध्याकाळ टोचून घ्यायचं. ते दामूच्या फ्रिजमध्ये असतं. दामूचं दुकान आहे वाडीच्या तोंडाशी, फोनही तिथेच. आता याला कुणी परावलंबन म्हणेल. मी त्याला गावाशी नातं म्हणतो.

भात आपलाच. एक एकर. लावणी, कापणी सगळं आपलं – वाडीची माणसं करतात, अर्ध्या वाट्याने – पण कोंबड्या मात्र मी स्वतः पाळल्या. उदमांजराने नेल्या. अंडी दामूकडून येतात. बदकं राहिलीत, ती काय, तळ्यात. छान दिसतात नाही? रविवारी डोंबिवलीहून बत्तीस माणसं येतायत शिबिराला, ‘कमी खर्चात स्वयंपूर्ण घर’ – ती बदकांपाशीच फोटो काढतात बघा, दर वेळी. म्हणून तळं भरलेलं लागतं.

पाणी कुठून येतं? येणार, तुम्ही पाण्यावर येणार हे ठाऊक होतं मला. इथे सगळ्या गोष्टींत थोडं इकडचं थोडं तिकडचं असेल, पण पाणी शंभर टक्के आपलं. हे माझं सगळ्यात मोठं काम आहे. असं बघा – तो वरचा नाला, उंबराचं झाड दिसतंय, त्याच्या मुळाशी एक खड्डा होता. कमरेइतका. पाण्याने भरलेला, भर मे महिन्यात. आणि कुणाचं लक्ष नाही त्याकडे. कडेने दगड रचलेले, एका दगडाला शेंदूर, जांभळीच्या वाळक्या फांद्या टाकलेल्या – कचरा. मी इंजिनीअर माणूस. म्हटलं, हा झरा वाया चाललाय. गेल्या डिसेंबरात सिमेंटच्या तीन रिंगा उतरवल्या, वर लोखंडी झाकण, खाली पाइप, उताराने पाणी आपोआप टाकीत. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. घरात सिमेंट नाही म्हटलं मी, नाल्यात नाही असं म्हटलं नाही.

हो, डवराच. डवरा म्हणतात ते त्याला. तुम्हाला माहितीय वाटतं. वाडीचा डवरा – असं ते म्हणतात. शिमगा झाला की सगळ्या बायका मिळून गाळ काढतात, नव्या फांद्या घालतात, नारळ फोडतात, आणि मग आगोटीपर्यंत, पाऊस लागेपर्यंत, त्यातलं पाणी पितात. आता हे मला कुणी सांगितलं होतं का? सांगितलं होतं. धर्माने सांगितलं होतं, रिंगा उतरवताना, दोरी त्याच्याच हातात होती – ‘साहेब, डवरा झाकू नये. पान्याला वारा लागाय पायजे, नाय तं रुसतो.’ मी हसलो. पाणी रुसतं म्हणे. म्हटलं, धर्मा, हे भूगर्भशास्त्र आहे. तो म्हणाला, ‘आसंल साहेब. आमी पितो ना, म्हनून बोल्लो.’ आणि उतरवल्या त्याने रिंगा. कामाला चोख माणूस.

कुलूप? कुलूप लावावं लागलं. झाकण उचलून पाणी न्यायला लागल्या बायका, पाइपात हवा शिरते त्याने, सगळं गणित बिघडतं. पण मी निर्दय नाही. कुंपणाबाहेर नळ दिलाय त्यांना, स्वखर्चाने, पितळी. रोज चार ते साडेचार. मी स्वतः वर जाऊन झाकण उघडतो, चावी फिरवतो, ओळीत उभं करतो त्यांना. शिस्त लागली वाडीला. आधी कुणीही कधीही यायचं. आता धोंडूबाई एवढी सत्तरीला आलेली बाई, धर्माची आई – तीसुद्धा पावणेचारला हंडा घेऊन पहिली उभी. मला म्हणायची, ‘काय रे बाबा, माझा पान्याचा घड्याल झालास तू.’ विनोदी बाई. होती.

नाला कुणाच्या सातबाऱ्यात? हे बघा, कुंपण माझं आहे. कुंपणाच्या आत नाला आहे. सातबाऱ्यात तो नाहीये, नाला कुणाच्याच सातबाऱ्यात नसतो, पण मी कुंपण घातलं तेव्हा कुणी हरकत घेतली? अर्ज दिला म्हणतात फेब्रुवारीत. मला तर कुणी काही विचारायला आलं नाही. वापरात आणलं ना मी ते? नाहीतर कमरेइतका खड्डा होता.

लिहा ना, थांबलात का? बरं, मग वाडी कशी वागते तेही लिहा. या सोळा दिवसांत काय झालंय सांगतो तुम्हाला. धर्मा येत नाही, काशी येत नाही. शेण नाही. मी गेलो पाटी घेऊन शेण मागायला – एकसष्टाव्या वर्षी, इंजिनीअर – तर रंगू म्हणून एक बाई आहे, ती म्हणते, ‘शेन हाय, पन गाय आता पानी पेत नाय, तं शेनबी कमी टाकते.’ तोंडावर. आणि दामू. ज्याच्याकडून चार वर्षं मी सगळा किराणा घेतला, तो. सोमवारी गेलो इन्शुलिन आणायला, तर फ्रिजला कुलूप. म्हटलं, दामू, हे काय? तर म्हणतो, ‘काय नाय साहेब, सारखा उघडला का आतला थंडावा जातो, गनित बिघडतं. तुमी आसं करा, रोज चार ते साडेचार या.’ मी म्हटलं, अरे औषध आहे ते. तो म्हणाला, ‘मंग आमी कुठं नाय बोल्लो? टाइम तेवढा पाला.’ आता सांगा – ही माणुसकी झाली? औषधाला वेळ लावतात का कुणी? माणसाच्या जिवाशी संबंध असलेली वस्तू, ती कुलपात घालायची आणि घड्याळ दाखवायचं? परवा मला उशीर झाला, चार चाळीस झाले, तर फळी टाकून बसलाय आत. दिसतोय मला फटीतून. रेडिओ ऐकतोय. रात्रभर तहान, पहाटेपर्यंत अर्धा माठ संपवला मी. काल मी साडेतीनलाच जाऊन बाकावर बसलो. भर उन्हात. बायका जाता-येता बघत होत्या, एकही हसली नाही – हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काय बघताय असं? साम्य? कसलं साम्य? हे निराळं, ते निराळं. ते नियोजन आहे.

बरं एक काम कराल? जाताना दामूकडे थांबा. तुम्ही बाहेरचे, पेपरवाले, तुम्हाला देईल तो. दोन बाटल्या आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवीन मी. आणि त्याला सांगा, धोंडूबाईचा राग माझ्यावर काढून काय उपयोग. मातीला गेलो होतो मी. म्हणजे मातीच्या दुसऱ्या दिवशी गेलो, कळलंच उशिरा. इथे नव्हतो ना मी.

मुलुंडला. सोमवारी एकवीसला गेलो, शुक्रवारी आलो. काम होतं. काम म्हणजे – नलूला भेटायचं होतं. उकाडा किती होता, आठवतोय का तुम्हाला तो आठवडा? या घरात दुपारी बसवत नव्हतं. तिथे पंखा आहे. कूलरही घेतलाय तिने. पाच दिवस, फार नाही.

नळ? नळ बंदच असणार ना, मी नव्हतो तर. माझ्याशिवाय कोण उघडणार? म्हणून तर धोंडूबाई खालच्या जुन्या विहिरीवर गेली, मंगळवारीही गेली होती म्हणे, बुधवारी पडली. त्या विहिरीच्या पायऱ्या मी पाहिल्यात, शेवाळलेल्या, अर्ध्या तुटलेल्या, तिथे सत्तरीच्या बाईने जाऊ नये, हे कुणीही सांगेल. घरच्यांनी सांगायला हवं होतं. धर्माने. तो कुठे होता? तो – इथे होता. बदकांना दाणे घालायला ठेवलं होतं मी त्याला.

किल्ली? धर्माकडे कशी देणार किल्ली, सगळी वाडी लोटली असती. माझ्याकडेच असते ती. ही काय – जानव्याला बांधलेली. आमच्या वडिलांची सवय, तिजोरीची किल्ली ते अशीच ठेवायचे, हरवत नाही. त्या दिवशी? त्या दिवशीही इथेच होती. जानवं काढून ठेवून जातो का कुणी मुलुंडला?

वही मिटा तुम्ही. पुरवणीचे नाही आहात तुम्ही, मघापासून लक्षात यायला हवं होतं माझ्या. या घराबद्दल एक ओळ लिहिली नाहीत. कुडाला हात तरी लावून बघितलात का? निघा. फाटक ओढून घ्या जाताना, बदकं बाहेर पडतात.

थांबा. किती वाजले?

टिपणीसांना बारा वाजल्याचं सांगण्यात आलं. चार वाजायला अजून चार तास होते.

धोंडूबाई २३ एप्रिलच्या सकाळी जुन्या विहिरीच्या पायऱ्यांवर पडल्या. शहापूरला पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. पंचनाम्यात कारण ‘पाय घसरून’ असं आहे. ९ मेच्या दुपारी डवऱ्यावरचं कुलूप जागेवर होतं. नाल्यातल्या पाण्याला ते कुणाच्या परवानगीने लावलं, असं वाडीने फेब्रुवारीतल्या अर्जात विचारलं होतं. अर्जाच्या नकलेवर पोचेचा शिक्का आहे. उत्तर आलेलं नाही.