जावईबापू टबात बसले

च्या थंडा झाला तरी चालन, पयले हे आयका. त्या वर्षी कापसाले भावच नव्हता. यवतमाळचे आमचे जावईबापू म्हने, "आई, इकू नका. बसून राहा, भाव वाढन." म्हनून माहा सारा कापूस त्याईच्याच खालच्या खोलीत भरला.

वर त्याईनं हौसेनं आंघोळीचा टब बसवला होता. ते डुंबले का खाली माह्या कापसावर टिपटिप! ओला कापूस कोन घेते?

नळवाले रहीमभाई आले. त्याईनं अर्धा टब भरला, खाली थेंब नाही. म्हने, "अम्मा, टब तो चांगला हाये."

मी म्हनलं, "मानूस बसला का पानी, जास्तीचं पानी जाते त्या वरच्या भोकालोक चढते. जावईबापू, बसा."

"कपड्यानिशी?"

"मंग काय सासूपुढं उघडे बसता?"

बसले बिचारे. खालून माही पोरगी वरडली, "गळलं वं माय!" भोकाच्या जाळीमागचं रबर सडलं होतं. रहीमभाईनं पानी सोडून नवं रबर टाकलं, इस्क्रू आवळला, टब भरला अन् जावयाले पुन्हा बसवलं.

आता पाहाले मीच खाली गेली. टिपटिप बंद, एक थेंबही नाही. मी वरडली, "गळून राह्यलं अजून! हालू नका!"

रहीमभाई धावत खाली आले, पाह्यलं, अन् हासत च्या प्याले बसले. पोरगीही बसली.

वरून आवाज आला, "आई, थंडी वाजून राह्यली! निंघू काय?"

मी म्हनलं, "बसून राहा बापू, भाव वाढन!"