येतो म्हण

मी पुन्हा भात कधीपासून खायला लागले, ते विचारता ना? सांगते. सासूबाई गेल्या तेव्हा धाकटे भावजी जर्मनीहून वेळेवर पोचले नाहीत, आणि ह्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. दोघे भाऊ बोलेपर्यंत भात खायचा नाही, असा मी देवीपुढं नेम धरला. तंजावुरात भात सोडला तर दहा जण कारण विचारतात, म्हणून साखर वाढलीय असं सांगितलं. ह्यांनाही तेच.

सहा वर्षांनी, ह्या चैत्रात, भावजींच्या मुलीनं सगळ्यांना बोलावून युरोप दाखवला. दोन आठवडे दोघे भाऊ एकाच बसमध्ये, पण बोलणं तिच्यामार्फत. "तुझ्या अप्पाला सांग, खिडकी लाव." जाऊ मला म्हणायची, "अक्का, हे दगडी पुतळे बोलतील एक वेळ, हे दोघं नाही बोलायचे."

शेवटच्या दिवशी व्हिएन्नाच्या स्टेशनावर आमची गाडी लागली. जावेनं ह्यांच्यासाठी दहीभाताचा डबा दिला. हे पायरी चढले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "जातो."

खालून भावजींचा आवाज आला, "जातो म्हणू नये, अण्णा. येतो म्हण. आई रागवायची."

हे मागे वळले. दार मिटता मिटता म्हणाले, "येतो रे. तूही ये."

गाडी हलली. मी डबा उघडला, हात जोडले आणि पहिला घास घेतला.

ह्यांनी डोळे पुसत विचारलं, "अगं, तुझी साखर?"

म्हटलं, "उतरली आत्ताच."