मामीच्या खाटेखालची मोटार

चंपाबाई : पाना खाली ठेव, महेंद्र. तुहे मामा बँकेतून आल्यावर काय करतं ते कर.

महेंद्र : नुसतं तेल पाहून राह्यलो, मामी.

चंपाबाई : तेल पाहाले बोल्ट ढिले करा लागते? मी पडून असते, आंधळी नाही.

महेंद्र : ...नागपूरचा एक माणूस येऊन राह्यला. जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याच्यापाशी तशीच गाडी हाय, खाणीच्या साहेबानं मामाले भंगारात देली होती ना, तशी. बटन दाबलं का वरचं छत, टप, आपोआप उघडते. पण टप उचलणारी मोटार अन् हे दोन दांडे त्याले कुठंच भेटून नाही राह्यले.

चंपाबाई : ते माह्या खाटेखाली हायत, हे त्याले कोणं सांगितलं?

महेंद्र : मी.

चंपाबाई : हूं.

महेंद्र : एकटा दांडा असला तं किलोनं जाते. दोन्ही दांडे, संगं मोटार, अन् मोटारीवर कंपनीची पितळी पट्टी, मंग त्याची किंमत. त्यातही चालू पाहिजे. तो म्हणे, चालू हाय ते दाखव.

चंपाबाई : अन् तू दाखवलं?

(महेंद्र पाना खाली ठेवतो.)

चंपाबाई : परवा व्हिडिओ काढला, तो?

महेंद्र : हौ.

चंपाबाई : मी तं शेजारच्या पुष्पलताकडून वेणी घालून घेतली रे. हिरवं लुगडं काढाले लावलं. तू म्हणला, रायपूरले प्रियंकाले पाठवतो, तिले पाहू दे तिची माय आपल्या हातानं बटन दाबून कशी उठून बसते. दोन दिवस मी फोनची वाट पाहून राह्यली. म्हटलं पोरगी कामात असन.

महेंद्र : तिले नाही पाठवला.

चंपाबाई : अन् त्या नागपूरवाल्यानं मले पाहिलं?

महेंद्र : नाही. तुमाले कापलं त्याच्यातून. खाटेचं खालचंच ठेवलं.

चंपाबाई : बरं केलं. त्याले माह्यं काय काम.

महेंद्र : मामी, असं नका बोलू. त्यानं म्हटलं, त्याच्या सगळ्या गाड्या माह्या गॅरेजले येतील. लालबर्रा रोडवर दिवसभर फटफट्यांचे पंक्चरच काढतो मी. मन फिरलं माह्यं. तुमच्यासाठी दवाखान्यासारखी खाट आणन म्हटलं. हँडलवाली, नवीकोरी.

चंपाबाई : हँडल कोण फिरवन?

महेंद्र : मामा...

चंपाबाई : मामा धानाच्या रोवण्यात गेले का दिवस बुडते. मी खाटेवर पडली तवापासून छपराचे कवेलूच पाहत होती. तू हे बसवलं, त्या दिवशी मले अंगणातलं बोरीचं झाड दिसलं. कोणाले हाक न मारता पाणी पेली मी. आठवते?

महेंद्र : आठवते. म्हणूनच तुमी झोपल्या असान, तवा आलो.

चंपाबाई : तरी बी तुहं गॅरेज चालत असन तं घेऊन जाय. माह्यासाठी मामानं बी ही जोडी इकली नाही. मलेच कसंतरी वाटते.

महेंद्र : शिवी द्या मले, मामी. एक जोरात द्या.

चंपाबाई : शिवी काहून देऊ? बसवणारा बी तूच.

महेंद्र : ...फोन वाजून राह्यला. गोंदियाच्या अलीकडं आला असन.

चंपाबाई : उचल. आशेवर नको ठेवू माणसाले.

महेंद्र : हॅलो... हां भैया. नहीं, मत आइए... मशीन चालू है, पर काम में लगी है... हां, गलती मेरी है. पूरी मेरी है... भैया?... ठेवला त्यानं. काय काय बोलला.

चंपाबाई : बोलू दे. बोल्ट कस आता. मी बटन दाबलं अन् खाट एकीकडं कलली तं?

महेंद्र : कसून टाकले. मामाले सांगसान?

चंपाबाई : तेल पाहाले आलता म्हणन.

महेंद्र : (बाहीनं डोळे पुसत) मामी...

चंपाबाई : रडू नको. फोन काढ. मी बटन दाबते, तू पुन्हा व्हिडिओ घे. प्रियंकाले माह्या समोर पाठव.

महेंद्र : वेणी नाही घातली तुमी आज.

चंपाबाई : राहू दे. या बारीनं माह्यं तोंड येऊ दे, बस.