आजोळचे मुलगे

(बोईसरचं एक हॉस्पिटल. आत आयसीयूत चार वर्षांचा मेहुल. दाराबाहेर डॉक्टर, मेहुलची आई जागृती आणि जागृतीची आई हिरा.)

डॉक्टर : पुन्हा विचारतो, जागृतीताई. तुमच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेलाय का?

जागृती : नाय हो. मला भाऊच नाय. आई, सांग ना.

हिरा : कोण नाय गेला. तुमी पोराचं बघा, आमच्या घरात काय शोधताय?

डॉक्टर : पोराचंच बघतोय, मावशी. त्याच्या रक्तात सापडलेला जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात असतो. माणसाच्या रक्तात सहसा शिरत नाही.

जागृती : चिखल हिनेच लावला! सुकवायच्या मासळीत खेळताना शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला, तर म्हणे तळ्याचा चिखल लाव, आग थांबते.

हिरा : शेजारच्या सोमीच्या नातवाला पण तोच लावला. तो तिकडे वाळूत नाचतोय!

डॉक्टर : तेच म्हणतोय. चिखल एकच, मग मेहुललाच का? जंतूंशी लढायची त्याची ताकद जन्मापासूनच कमी असावी. असा आजार बऱ्याचदा आईकडून मुलग्यात उतरतो. मुली बहुतेक सुटतात.

जागृती : आईकडून? म्हणजे मीच दिला त्याला? अगं आई गं...

हिरा : गप! तू काय नाय दिलंस. डॉक्टर, माझ्या पोरीवर ढकलू नका.

डॉक्टर : दोष कुणाचाच नाही. पण तसं असेल तर औषधं आत्ताच बदलायला हवीत, मुंबईला हलवायला हवं. उशीर झाला तर पोर हातचं जाईल.

जागृती : आई, माझ्याकडे बघत का नायस? मला लय भीती वाटतेय गं. बोल!

हिरा : ...दोन होते. तुझ्या आधी.

जागृती : दोन काय?

हिरा : मुलगे. गळवं उठायची, ताप यायचा, तो उतरायचाच नाय. शिरगावात बायका म्हणायच्या, ही पोरं खाते. म्हणून ते गाव सोडून इकडच्या माहीमला आलो. परत नाव नाय काढलं. काढलं असतं तर तुला कोणी सून करून घेतली असती?

जागृती : आणि माझा मेहुल गेला असता म्हणजे?

हिरा : नको गं असं बोलू! काल त्याच्या मानेवर तसंच गळू दिसलं. वाटलं, बोलले तर खरं होईल.

डॉक्टर : सांगितलंत, बरं केलंत. सिस्टर, ॲम्ब्युलन्स बोलवा. मी औषध बदलतोय.

जागृती : आई... नावं काय होती त्यांची?

हिरा : मोठा कमलाकांत. धाकट्याचं ठेवायचं राह्यलं.