डिझेलची अंगाई

...आणि वर नवरा म्हणतो कसा, तुला काय, फक्त बटण बघायचं! फक्त! तुम्हाला सांगते, ज्या कामाच्या आधी 'फक्त' लागतं ना, ते बाईच्याच गळ्यात पडतं.

झालं काय, आमच्या जीपला दोन टाक्या. एक मुख्य, इंजिन पितं ते तिच्यातलंच. दुसरी जादा, मागे गाडीच्या पोटाखाली बांधलेली, कारण माझ्या माहेरची वाट म्हणजे नुसते दगड आणि ओढे, पंपाचं नावच नको. आता जादा टाकीतलं डिझेल काही आपण होऊन पुढे येत नाही. बटण दाबायचं, मग एक छोटी मोटर ते मुख्य टाकीत ढकलते. काटा वर गेला की बंद करायचं. नाही केलं तर? उतू जातं, दुधासारखं! मिस्त्री बिचारा म्हणत होता, आपोआप बंद होणारं बसवून देतो. नवरा म्हणाला, कशाला, बायको असते की शेजारी.

तर निघालो. माझ्या आईनं नातीला अजून फोनच्या काचेतच पाहिलेलं, ती दारात उभी असणार... आणि नात? दात येतायत, त्यामुळे फाटकापासून जो सूर लावला तो लावलाच. मागे सासूबाईंनी खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, शेवटी स्वतःच रडकुंडीला आल्या. आणि मी, जन्मदात्री, पुढे बसून काय करत होते? फक्त बटण बघत होते.

काटा खाली आला. दाबलं. मोटर घूंऽऽ करायला लागली... आणि पोरगी गप्प. अर्ध्या हुंदक्यात! झोपलीसुद्धा. बाळाच्या झोपेवर मी पुस्तकंच्या पुस्तकं वाचलीत हो, डिझेलचा उल्लेख एकात असेल तर शपथ.

काटा चढला. नवऱ्यानं बोटानं खुणावलं, बंद. केलं. मागे ओठ थरथरला. चालू केलं. ओठ जागेवर. पुन्हा बंद, पुन्हा ओठ...

सासूबाई कुजबुजल्या, "अगं, राहू दे चालू. डिझेल रडतंय का?"

आता द्या याला उत्तर! त्यातून मी शिकलेली. हिशेब मांडला, इंजिन इकडून पितंय, मोटर तिकडून भरतेय, होईल बरोबरी. नवऱ्यालाही पटवलं, त्याचं लक्ष चढावर, त्यानं मान डोलावली. अहो, इंजिन पितं चमच्यानं आणि मोटर ओतते घागरीनं, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

मग वास आला. मी सासूबाईंना आधी लंगोट बघायला लावला. काय करणार, हल्ली जगात कसलाही वास आला तरी मला लंगोटच सुचतो. लंगोट कोरडा. नवऱ्यानं गाडी थांबवली, उतरला. मागे वळणापर्यंत वाटेवर ओली काळी रेघ, आणि जादा टाकी कोरडी ठणठणीत.

ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नुसता म्हणाला, "आहे तेवढ्यात घर गाठेल. तुझी आई नाही गाठायची."

फक्त बटण बघायचं होतं हो...

गाडी वळवली. कोरडी मोटर जळते म्हणून बटण बंद. मागे ओठ हलला मात्र, नवऱ्यानं गाडी चालवता चालवता तोंडानं सुरू केलं, घूंऽऽ. त्याचा श्वास संपला की सासूबाई धरायच्या. चढावर जरा रेंज आली, आईला फोन लावला. म्हणाली, हा कसला आवाज गं, गाडी बिघडली का? म्हटलं, नाही, जावई आहेत तुझे. मग सांगितलं, परत चाललोय. मला राहवेना, म्हटलं, उठवते तिला, निदान आवाज तरी ऐक.

तर म्हणते कशी, "झोपलीय ना? मग ठेव फोन. उठेल."

ठेवला. करते काय... सासूबाईंनाही धाप लागली होती, पुढची पाळी माझी.